अंगठा उमटला नाही तर?

हरसूल काही स्मार्ट सिटी नाही. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत सप्टेंबर २०१६ मध्ये नाशिकचं नाव आलं, त्र्यंबक नाक्यापासून अशोकस्तंभापर्यंतचा जेमतेम एक-सव्वा किलोमीटरचा रस्ता ‘स्मार्ट रोड’ झाला आणि मार्च २०२५ मध्ये ती योजना संपलीसुद्धा. त्र्यंबकच्या पलीकडच्या डोंगरात त्यातलं काही आलं नाही. पण ज्या यंत्रांच्या जिवावर शहरं स्वतःला स्मार्ट म्हणवतात, ती यंत्रं मात्र इथे केव्हाच येऊन बसली आहेत. कंट्रोलच्या दुकानात ई-पॉस आहे, सेवा केंद्रात संगणक आहे, बँकेच्या प्रतिनिधीकडे अंगठा घेणारी डबी आहे आणि घरटी एक तरी फोन आहे. शहरात एक खिडकी बंद असली तर माणूस दुसऱ्या खिडकीकडे जातो. इथे पाड्यावरून दोन डोंगर उतरून आलेल्या माणसाला ‘अंगठा लागत नाही, परवा ये’ असं सांगितलं, की त्याची मजुरी जाते आणि भाड्याचे पैसेही जातात. त्यातून तो माणूस डोळ्यांनी अधू असेल, पायांनी चालता येत नसेल, तर ‘परवा’ म्हणजे पुढचा बाजार.

म्हणून हा लेख हरसूल आणि आसपासच्या गावांतल्या दिव्यांगांसाठी आहे, त्यांच्या घरच्यांसाठी आहे, आणि तितकाच सरपंच, ग्रामसेवक, दुकानदार आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी. सांगायचं ते एकच. कोणत्याही यंत्राला दुसरी वाट असलीच पाहिजे. ती मागणं हा हक्क आहे, आणि ती मागायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे यंत्र विकत घेण्याआधीची.

कंट्रोलवर आणि बँकेत

अंगठा न उमटण्याची कारणं बरीच आहेत. भाताच्या लावणीत आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत वर्षानुवर्षं राबलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाची बोटं आखडलेली असतात. कुणाला बोटंच नसतात. यंत्राला यातलं काही कळत नाही, ते फक्त लाल दिवा दाखवतं.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा: अंगठा जुळला नाही म्हणून रेशन नाकारता येत नाही. केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना तसं कळवलं आहे, आणि सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही सर्वोच्च न्यायालयाने ओळख पटली नाही एवढ्यासाठी कुणाचा लाभ तोडू नका असं बजावलं आहे. दुकानदाराशी भांडायच्या आधी त्याला हे शांतपणे सांगा. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं, त्याच्यापुढे फक्त यंत्र असतं. मग क्रमाने विचारा. दुसरं बोट चालेल का? डोळ्यांचा स्कॅनर आहे का? आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवता येईल का? जो माणूस दुकानापर्यंत येऊच शकत नाही, त्याच्या वतीने धान्य घ्यायला माणूस नेमण्याची सोयही केंद्राच्या सूचनांत आहे; त्याला ‘नॉमिनी’ म्हणतात. त्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी ठरलेला नॉमिनी दुकानदार बदलला की संपतो.

मुळाशी जायचं असेल तर आधारची नोंदच दुरुस्त करून घ्या. ज्यांची बोटं किंवा डोळे यंत्राला वाचता येत नाहीत त्यांची नोंद ‘बायोमेट्रिक अपवाद’ म्हणून करता येते. बोटं नसतील तर डोळ्यांवर, दोन्ही नसेल तर दोन्हींशिवाय. आधार केंद्रातल्या मुलाला हे कधी करावं लागलेलं नसतं, त्यामुळे ‘होत नाही’ हे पहिलं उत्तर येईल. तेवढ्यावर परत फिरू नका.

हल्ली चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आली आहे. फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, डोळ्यांची उघडझाप करायची, झालं. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी हे वरदानच, घरबसल्या काम होतं. पण ज्याला दिसत नाही त्याने चेहरा चौकटीत कसा आणायचा? ज्याच्या पापण्या हलत नाहीत त्याने काय करायचं? अ‍ॅसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पापणी लवण्याला पर्याय द्या, कागदावरची केवायसी चालू ठेवा, यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने पुन्हा तपासावा, असे एकंदर २० निर्देश त्यात आहेत. बँकेत किंवा सिमकार्डाच्या दुकानात अडलात तर या खटल्याचं नाव आणि तारीख अर्जात लिहा. तोंडी विनवणीपेक्षा अशा एका ओळीचं वजन जास्त पडतं.

बँकेच्या प्रतिनिधीकडे अंगठा देऊन पैसे काढताना अंध व्यक्तीने तीन सवयी लावून घ्याव्यात. रक्कम किती टाकली हे त्याने मोठ्याने सांगितल्याशिवाय बोट ठेवायचं नाही. ‘लागला नाही, परत ठेव’ म्हणाला तर आधी पहिल्या व्यवहाराची पावती मागायची. आणि बँकेचा संदेश स्वतःच्याच फोनवर येईल असा नंबर खात्याला जोडायचा. भाच्याचा, शेजाऱ्याचा नको. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान आता थेट खात्यात येतं, त्यामुळे खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे हा साधा प्रश्न राहिलेला नाही. बँकेपर्यंत जाणंच अशक्य असेल तर सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना घरी सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमनही यंत्र घेऊन दारात येतो, आणि डोंगरी भागात हाच रस्ता जास्त भरवशाचा.

हातातला फोन

महागडी साधनं बाजूला ठेवा. सध्या दिव्यांगांना सर्वांत उपयोगी पडणारं यंत्र म्हणजे सात-आठ हजारांचा अँड्रॉइड फोन, आणि त्यातल्या बहुतेक सोयी फुकट असतात. फक्त त्या कुणी चालू करून दिलेल्या नसतात.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ‘टॉकबॅक’. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या भागात तो मिळतो. चालू केला की बोट जिथे ठेवाल तिथलं नाव फोन बोलून दाखवतो; उघडायचं असेल तर दोनदा टिचकी, पान सरकवायचं असेल तर दोन बोटं. सुरुवातीचे आठ दिवस वैताग येतो. घरातल्या पोराने चुकून टॉकबॅक चालू केला की ‘फोन बिघडला’ म्हणून तो दुरुस्तीला जातो, इतकी ही रीत वेगळी आहे. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र काही क्षण दाबून धरली की चालू-बंद होईल असा शॉर्टकट आधी लावून ठेवा. आणि हरसूलसारख्या ठिकाणी एक काम विसरू नका: मराठी आवाजाची फाइल रेंज असलेल्या जागी उतरवून घ्या. ती फोनमध्ये असली की पाड्यावर रेंज गेली तरी फोन मराठीत बोलत राहतो. पिन टाकताना कानात इअरफोन घाला, नाहीतर सगळा बाजार ऐकतो.

थोडं दिसतं, पण अक्षर लागत नाही अशांची संख्या अंधांपेक्षा कितीतरी मोठी. त्यांना टॉकबॅक नको, अक्षर मोठं करायची सोय आणि पडद्यावर तीन टिचक्या मारून मोठं दाखवणारं भिंग पुरतं. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ हे ॲप आहे, २०२० मध्ये आलेलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगतं, मराठीतही सांगतं, आणि एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही. आठवडे बाजारात नागली-वरई विकायला बसणाऱ्या अंध बाईसाठी याहून कामाचं ॲप मला माहीत नाही. तिच्याच शेजारी ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडणारा क्यूआर कोडाचा डबा असतो. तो काढला दुकानदारांच्या सोयीसाठी, पण अंध विक्रेत्यांचं काम त्याने न ठरवता सोपं केलं. कर्णबधिर विक्रेत्याला मात्र त्याचा उपयोग शून्य. त्याने पडद्यावर रक्कम दाखवणारा डबा मागावा, तसेही मिळतात.

ऐकू न येणाऱ्यांसाठी ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ नावाचं ॲप समोरच्याचं मराठी बोलणं अक्षरांत उमटवतं. दोन अडचणी आधीच सांगतो. त्याला इंटरनेट लागतं, आणि समोरचा माणूस कोकणा किंवा डांगी बोलीत बोलू लागला की ते काहीच्या बाही लिहितं. तिसरी अडचण ॲपची नाही, आपली आहे: या भागातल्या अनेक कर्णबधिरांना कुणी लिहायला-वाचायला शिकवलेलं नाही, खुणांची भाषाही नाही. त्यांच्यापुढे अक्षरं नाचवून काही होत नाही. तिथे व्हिडिओ कॉल, चित्रं आणि घरातल्या खुणा कळणारा माणूस हीच दुसरी वाट. भारतीय सांकेतिक भाषेचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ कोश २०२१ पासून इंटरनेटवर मोफत आहे. घरात लहान कर्णबधिर मूल असेल तर आईबापांनी रोज त्यातले चार शब्द मुलासोबत शिकावेत. पुढे त्याला कुठलंही यंत्र देण्यापेक्षा हे मोलाचं ठरेल.

हातात नीट पकड नसेल तर मराठीत बोलून टाइप करता येतं. कीबोर्डवरच्या माइकच्या चिन्हाला स्पर्श करायचा. स्मार्टफोन परवडतच नसेल तर साध्या फोनवरून फोन करून पैसे पाठवायची सोय ‘यूपीआय १२३पे’ या नावाने २०२२ पासून आहे. त्यावरून एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. उठावदार बटणांचा साधा फोन अनेक अंध ज्येष्ठांना गुळगुळीत पडद्यापेक्षा सोपा जातो, त्यांना उगीच स्मार्टफोनकडे ढकलू नये. ज्यांना हे सगळं पद्धतशीर शिकायचं आहे त्यांनी नाशिकच्या सातपूरमधल्या ‘नॅब’ या अंधांसाठीच्या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेत चौकशी करावी.

गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप

हे काम बिनपैशाचं आहे आणि उद्यापासून करता येईल. ग्रामपंचायतीची सूचना टाइप करून, तिचा प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, फोटो काढून ग्रुपवर टाकायची पद्धत सगळीकडे आहे. शिक्का दिसला की सूचना खरी वाटते. पण फोटोतलं अक्षर टॉकबॅकला नीट वाचता येत नाही, बऱ्याचदा तो फक्त ‘इमेज’ असं म्हणतो. तेव्हा फोटो टाका, त्याच्याखाली तोच मजकूर टाइप करा, आणि अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोपही टाका, शक्य असेल तर बोलीत. वाचता न येणाऱ्या आजीलाही तो उपयोगी पडेल. दवंडी बंद झाल्यापासून अंध आणि निरक्षर माणसाच्या कानावर गावची बातमी पडायची राहिली, हे आपण फारसं मनावर घेतलेलं नाही.

मजकूर टाइप करताना युनिकोडच वापरा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की किडामुंगी दिसते, आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तीच किडामुंगी वाचतं. स्कॅन केलेल्या पीडीएफची गत फोटोसारखीच.

सेवा केंद्र, कार्ड आणि दवाखाना

सगळ्या सोयींची किल्ली म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यूडीआयडी कार्ड. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरूनच मिळतं. अर्ज सेवा केंद्रातून भरता येतो, तपासणी नेमलेल्या सरकारी रुग्णालयात होते. कार्डावरची पट्टी ४० टक्क्यांच्या आत पांढरी, ४० ते ७९ पिवळी आणि ८० च्या पुढे निळी असते. अर्ज भरताना नाव आणि जन्मतारीख आधारवरच्यासारखीच आहे ना, हे मोठ्याने वाचून घ्या. एका वेलांटीपायी पुन्हा नाशिकचा हेलपाटा पडतो.

इथे आदिवासी पट्ट्यातल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि त्यात सिकलसेल आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मतिमंदत्व, मानसिक आजार, कुष्ठरोगातून बरे झालेले, हे सगळे आहेत. वरून धडधाकट दिसणारं, पण महिन्यातून आठ दिवस सांधे धरून झोपणारं पोर या कायद्याखाली येऊ शकतं. घरात सिकलसेलचा आजार असेल, नुसता वाहक नव्हे, तर हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात प्रमाणपत्राबद्दल विचारा.

सेवा केंद्र चालवणाऱ्याला दोन विनंत्या. टेबलाची एक बाजू मोकळी ठेवा, म्हणजे व्हीलचेअर किंवा कुबड्या आत येतील. आणि भरलेला अर्ज ‘सबमिट’ करण्याआधी समोरच्या माणसाला वाचून दाखवा. त्याच्यासोबत आलेल्या भावाला नव्हे, त्याला.

आरोग्य उपकेंद्रातून ‘ई-संजीवनी’ने दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं. कर्णबधिर रुग्ण असेल तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने कॅमेरा रुग्णाकडे आणि त्याच्या खुणा समजणाऱ्या नातेवाइकाकडे, दोघांकडे, राहील असा धरावा. औषध कधी किती घ्यायचं ते सूर्य-चंद्राची चित्रं काढून द्यावं.

खरेदीच्या आधी

ग्रामपंचायतीला आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. हरसूल बाजाराचं गाव असलं तरी ही रक्कम काही डोळे दिपवणारी नसते, आणि बहुतेक ठिकाणी ती सारखी वाटून टाकली जाते. कधी रोख, कधी भांडी. वाटपाला माझा विरोध नाही, गरज असतेच. पण त्यातला थोडा भाग सर्वांच्या कायमच्या उपयोगाचा करता येतो: कार्यालयाला उतार, मोठ्या अक्षरांचे फलक, एक शिकवणारा माणूस. किती जमा झाले आणि कशावर गेले हे ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. ज्यांना दिसत नाही किंवा ऐकू येत नाही त्यांना माहिती समजेल अशा रीतीने मिळवून देणं हे त्याच कायद्याच्या कलम ७(४) नुसार माहिती अधिकाऱ्याचं काम आहे.

उताराचं एक गणित पाठ करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दीड फुटाच्या ओट्याला अठरा फुटांचा उतार लागतो. जागा वाचवायला सहा फुटांत उरकलेला उतार म्हणजे घसरगुंडी. त्यावरून व्हीलचेअर खाली येते, वर जात नाही. इंजिनिअरने कितीही सांगितलं तरी टेप लावून मोजा.

यंत्रांचंही असंच मोजमाप करता येतं. पाणी देणारं एटीएम असो, दाखले देणारा पडदा असो, हजेरीचं यंत्र असो, पुरवठादाराला शेवटचा हप्ता देण्याआधी गावातल्या चार जणांना ते वापरायला लावा: एक अंध, एक कर्णबधिर, एक बसून वावरणारा, एक ज्याचा एकच हात चालतो. कुणी मदत करायची नाही, बाजूला उभं राहून बघायचं. बसलेल्या माणसाचा हात चार फुटांच्या वर पोचत नाही, हे कागदावर कुणाच्या लक्षात येत नाही. बघताना लगेच येतं. मग वीज बंद करून पुन्हा बघा, कारण पावसाळ्यात ती जाणारच आहे. चौघांपैकी जो अडला त्याच्यासाठी दुसरी वाट काय, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. खरेदीच्या आदेशात ‘यंत्र व सॉफ्टवेअर आयएस १७८०२ या भारतीय मानकानुसार सुगम्य असावे’ ही ओळ घालायला विसरू नका. हे मानक खास अशाच यंत्रांसाठी आणि ॲपसाठी आहे.

हे सगळं ‘जमलं तर करा’ अशा जातीचं आहे, असा समज कार्यालयांत पक्का आहे. तो आता चालणार नाही. राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असू शकत नाहीत, किमान काही गोष्टी बंधनकारकच हव्यात. रतूडी स्वतः दृष्टिबाधित. त्यांची याचिका २००५ मधली. दाद मागायची तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार करता येते. काय अडलं, कधी, कुठल्या यंत्रापाशी आणि कोणती दुसरी वाट मागितली, एवढंच लिहा. आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं.

आणि सध्या आपल्या तालुक्यात एक मोठी संधी आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. त्यासाठी त्र्यंबकेश्वरात फलक, कॅमेरे, ॲप, रस्ते, बसथांबे यांवर मोठा खर्च व्हायचा आहे. यात्रेकरू परत गेल्यावर हे सगळं वापरायचं आहे ते तालुक्याच्या कामासाठी त्र्यंबकला जाणाऱ्या आपल्यालाच. बसथांब्यावर गाडी कोणती ते बोलून सांगणारी सोय हवी, हरवलेल्यांच्या घोषणा पडद्यावर अक्षरांतही दिसायला हव्यात, अंधांसाठीच्या पिवळ्या फरशांची रांग विजेच्या खांबात जाऊन संपू नये, ॲपच्या चाचण्या आधी टॉकबॅकवर व्हाव्यात. या चार मागण्यांचा ठराव पुढच्या ग्रामसभेत घ्या. आपलं गाव अनुसूचित क्षेत्रातलं, पेसा कायद्याखालच्या ग्रामसभेचं म्हणणं वरच्या कार्यालयाला सहज बाजूला टाकता येत नाही. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक कुंभमेळा प्राधिकरणाला, एक त्र्यंबकेश्वर नगर परिषदेला द्या, आणि तिन्हीकडून तारीख घातलेली पोच घ्या.